सीलबंद बाटलीतला मृत्यू

१

"जीभ जड झालीय गं चिमणे," मास्तर म्हणाले. "तोंडात पैसा चघळल्यासारखं लागतंय."

चिमणी हसली. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान पार पडलं होतं. नुकतंच त्यांना त्यांच्या खोलीत आणलं होतं आणि ते नेहमीसारखीच कुरकुर करत होते. चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आईला चारचौघांत चिमणी म्हणणारा हा जगातला पहिलाच माणूस, आणि त्याचं बघून बाकी सगळ्यांनीही तेच नाव उचललेलं.

"पाणी देऊ, बाबा?"

"कानात कोण शिट्टी वाजवतंय?"

आता ती हसली नाही. मास्तरांचा ओठ एका बाजूला उडायला लागला होता. मग हात. मग सगळं अंग पलंगावर आपटायला लागलं. तिने दाराकडे धाव घेतली, सिस्टर आल्या, भूलतज्ज्ञ डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतल्या चपलांसकट धावत आले. त्यांनी छाती दाबली, झटके दिले, पुन्हा छाती दाबली. पडद्यावरची रेघ काही उठली नाही.

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "सुई शिरेत गेली असणार. डॉक्टरांचा हात चुकला."

भिंतीला टेकून बसलेल्या चिमणीने ते ऐकलं. मास्तरांना टोचलेलं ते औषध त्यांनी स्वतःच शोधलेलं होतं. ऑपरेशननंतर गुडघ्याभोवती एकदाच टोचायचं आणि कित्येक दिवस दुखणं विसरायचं. बधिर करणारं औषध त्यात चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत कोंडलेलं असे. सुई शिरेत गेली असती तरी फुगे फुटले नसते, औषध हळूहळूच झिरपलं असतं. माणूस असा पाहता पाहता गेला नसता.

म्हणजे घोटाळा सुईचा नव्हता, बाटलीतच काहीतरी होतं. आणि ती बाटली त्यांच्याच प्रयोगशाळेत चिमणीने स्वतःच्या हातांनी भरली होती.

२

तपासाला आलेल्या निरीक्षकबाईंना जबर सर्दी झाली होती. प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला शाळेत विज्ञानात काठावर पास केलं होतं, तेही बाईंना दया आली म्हणून. तेव्हा मला लहान मुलासारखं सांगा."

चिमणीने सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला चरबीचं एक पातळ आवरण असतं, सायीसारखं, दोन थरांचं. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे ते आवरण ठरवतं. तीस वर्षं मास्तर त्या सायीच्याच मागे होते. ती किती ताणते, कधी घट्ट होते, कधी गळते. मग त्यांनी तसल्याच सायीचे फुगे केले आणि त्यांत औषध भरलं.

"आणि फुगे सगळे एकदम फुटले तर?"

"तर कित्येक दिवसांचं औषध एका दमात अंगात जाईल. झटके येतील. हृदय थांबेल."

"जसं झालं तसं."

"हो," चिमणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

निरीक्षकबाईंनी सरकारी तपासणीचा निष्कर्ष सांगितला. बाटलीत औषध तेच होतं आणि हवं तेवढंच होतं. विषाचा मागमूस नव्हता. झाकणाचं सील ऑपरेशनच्या टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोडलं होतं, त्याआधी त्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्याच खेपेतली दुसरी बाटली त्याच सकाळी एका निवृत्त शिक्षिकेला दिली होती, आणि त्या बाई मजेत होत्या, नातवंडांना ओरडत होत्या.

"मग उरलं काय?" दारातून आवाज आला. "डॉक्टरची सुई."

काका आत आले. काका म्हणजे मास्तरांचे जन्माचे मित्र आणि या कामातले भागीदार. चिमणीला खांद्यावर बसवून फिरवलेले. अलीकडे त्यांचे हात थरथरत, म्हणून ते खिशात ठेवून बोलत.

"पेटी मी भरली, मीच पलीकडे हॉस्पिटलात नेली, सिस्टरच्या हातात दिली. माझं काम तिथे संपलं. तिथल्या औषधांच्या फ्रिजकडे मी पुन्हा फिरकलोसुद्धा नाही," ते म्हणाले. "बाटल्या दोन्ही सारख्या, एका भांड्यातून भरलेल्या. त्याच्या बाटलीवर तो लाल ठिपका, एवढाच काय तो फरक. एक बाई ठणठणीत आणि माझा मित्र सरणावर. यात औषधाचा काय दोष? दोष हाताचा!"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. चिमणीलाही भरून आलं.

निरीक्षकबाई मात्र रुमालाआडून तिच्याकडेच बघत होत्या. "त्या फ्रिजच्या तीन किल्ल्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक डॉक्टरांकडे, एक सिस्टरकडे. तिसरी कुणाकडे असते, माहीत आहे ना?"

चिमणीला माहीत होतं. तिसरी किल्ली तिच्या नवऱ्याकडे असायची.

३

नवरा प्रयोगशाळेची बाहेरची सगळी कामं बघायचा. परवानग्या, गाड्या, हॉस्पिटलशी बोलणं. भोळा माणूस. भाजीवाल्यानेही फसवावं असा.

"किल्ली त्या संध्याकाळी माझ्याकडेच होती," त्याने निरीक्षकबाईंना सांगितलं. "या जुडग्यात. दुसऱ्या कुणाला दिली नव्हती."

जुडगं त्याने टेबलावर ठेवलं. घराची किल्ली, गाडीची, फ्रिजची. निरीक्षकबाईंनी मान हलवली आणि त्या उठल्या.

चिमणी जागच्या जागी खिळली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी आल्यावर नवऱ्याने दारावरची बेल वाजवली होती. तिचे हात कणकेत होते, आणि स्वतःचं दार उघडता येत नाही का म्हणून ती त्याच्यावर डाफरलीही होती. चालत आला होता, गाडी हॉस्पिटलातच ठेवून. जुडगं त्याच्याजवळ असतं तर त्याने बेल का वाजवली असती?

म्हणजे नवरा खोटं बोलत होता.

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिला भेडसावायला लागली. तो चहा करून आणायचा आणि तो पाठमोरा झाला की ती बेसिनमध्ये ओतून टाकायची. त्याने मुलांना दूध दिलं की ती काहीतरी निमित्त काढून स्वतः आधी घोटभर प्यायची. तो विचारायचा, "काय झालंय तुला? माझ्याकडे अशी का बघतेस?" आणि ती म्हणायची, "कुठे काय." पंधरा वर्षं ज्याच्या घोरण्याला नावं ठेवली, त्याच्या श्वासाचा आवाज बंद झाला तरी भीती वाटे आणि चालू असला तरी वाटे.

पण त्याने केलं असेल, तर काय केलं? सील न तोडता बाटलीतले कोट्यवधी फुगे कुणी फोडेल कसे? याचं उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिने ठरवलं, आणि सिस्टरना भेटायला ती रस्ता ओलांडून हॉस्पिटलात गेली.

४

सिस्टर ड्यूटी संपवून निघाल्याच होत्या. चिमणीला बघून त्या परत आत आल्या आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या.

"तुमचे वडील फार गोड माणूस होते हो. संध्याकाळी मी बाटलीवर त्यांच्या नावाची पट्टी लावत होते, तर म्हणाले, सरळ लावा, माझं नाव आयुष्यात कधी तिरकं गेलेलं नाही."

"पट्टी तुम्हीच लावली?"

"हो. बारकोडच्या यंत्रावर धरून बघितली, टूक्क आवाज आला, म्हणजे बरोबर. त्यांना एका औषधाची ॲलर्जी होती ना, म्हणून तिच्या टोकाला लाल ठिपका चिकटवला. दुसऱ्या बाईंच्या बाटलीला नुसती पट्टी. मग दोन्ही फ्रिजमध्ये, आणि कुलूप. पण सकाळी गंमतच झाली. तीच पट्टी यंत्र वाचेना. सुरकुतली होती, कडा सुटलेल्या, शाई फुटलेली. मी अंगठ्याने दाबून दाबून बसवली."

"दुसऱ्या बाटलीची?"

"ती एकदम कोरी करकरीत."

दार ढकलून भूलतज्ज्ञ आत आले. त्यांची दाढी वाढली होती. ते कामावर नव्हते, घरीही राहवत नव्हतं, तसेच हॉस्पिटलात घुटमळत असत. चिमणीला बघून ते मागे फिरले.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "तुम्ही बाटली हातात घेतलीत तेव्हा तिच्यात काही वेगळं दिसलं?"

"तळाला कणी होती," ते म्हणाले. "साखर नीट विरघळली नाही तर राहते तशी. मी हलवली, ती गेल्यासारखी वाटली. आणि मी टोचली." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी रोज ती सुई आठवतो. मागे ओढून बघितली होती, रक्त आलं नव्हतं. पण कुणास ठाऊक. त्यांना झटके आले तेव्हा सलाइनसारखी शिरेत लावायची चरबीची पिशवी ट्रॉलीवरच होती. ती लावली असती तर रक्तातलं मोकाट औषध तिने शोषून घेतलं असतं. पण मला वाटलं, औषध फुग्यांत कोंडलेलं आहे, मोकाट होईलच कसं?"

सुटलेली पट्टी, फुटलेली शाई, तळाशी कणी. चिमणीच्या डोळ्यांपुढे एकदम लख्ख झालं. बर्फ! बाटली गोठवली की पाण्याच्या सुया होतात आणि त्या सायीला भोकं पाडतात. मग बाटली वितळवली की बाहेरून दव धरून पट्टी भिजते, पण बाटली पुन्हा तशीच पांढरी, तशीच सीलबंद. फक्त आतला एकही फुगा शाबूत नसतो.

"सिस्टर, त्या फ्रिजमध्ये गोठेल एवढं थंड होतं कधी?"

"छे! जास्त थंड झालं की वाजणारी घंटा आहे त्याला. पण बर्फाचा डीप फ्रीझर वॉर्डच्या पॅन्ट्रीत आहे की. गार शेकायच्या पिशव्या असतात त्यात. त्याला ना कुलूप ना किल्ली." सिस्टर आठवून म्हणाल्या, "त्या संध्याकाळी तुमच्याकडचंच कुणीतरी गेलं होतं तिकडे, मास्तरांच्या सुजेला बर्फ आणायला. मी पाठमोरं बघितलं. तुमचे मिस्टरच असतील, नाही का?"

५

या वेळी चिमणीने चहा बेसिनमध्ये ओतून टाकला नाही. कप नवऱ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "तू आधी पी."

त्याने कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा फटक पडला. "चिमणे, तुला वाटतं मी...?"

"किल्ली तुझ्याकडे नव्हती. तू बेल वाजवलीस."

तो मटकन खाली बसला. "काकांनी मागितली," तो म्हणाला. "म्हणाले, मी आज रात्री मास्तरांच्या सोबतीला थांबतोय, फ्रिजचा थर्मामीटर बघून येईन. मी अख्खं जुडगंच दिलं. सकाळी त्यांनी परत दिलं. नंतर सगळं घडलं तेव्हा म्हणाले, किल्ली दुसऱ्याकडे दिली हे नियमात बसत नाही, तुझी नोकरी जाईल, गप्प बस, मीही गप्प बसतो. मी घाबरलो गं."

"आणि बर्फ?"

"मी निघालो होतो आणायला. काका म्हणाले, तू बस, मी आणतो. बराच वेळ लागला त्यांना."

चिमणीने भीतीने स्वतःचा दंड घट्ट धरला. आता तिला काकांचं ते वाक्य ऐकू येत होतं. त्याच्या बाटलीवर तो लाल ठिपका. ठिपका लावला सिस्टरनी, पेटी ताब्यात घेतल्यानंतर. लगेच बाटली कुलपात गेली. सकाळी थेट ऑपरेशनच्या खोलीत, आणि तिथून पोलिसांच्या पिशवीत. फ्रिजकडे पुन्हा फिरकलो नाही म्हणणाऱ्या माणसाने तो ठिपका बघितला कुठे?

आणि गोठवणाऱ्याला मास्तरांचीच बाटली हवी होती. नावाची पट्टी लागण्यापूर्वी दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या, कुठली कुणाला जाणार हे देवालाही ठाऊक नव्हतं. शिवाय सुरकुतली ती नावाचीच पट्टी. म्हणजे जे झालं ते पट्टी लागल्यावर, हॉस्पिटलातच, त्या रात्रीत झालं. डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी केलं असतं तर त्यांनी तळाच्या कणीची, सुरकुतलेल्या पट्टीची गोष्ट कशाला सांगितली असती?

तिने निरीक्षकबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोलिसांकडच्या बाटलीतला एक थेंब घेऊन प्रयोगशाळेत आल्या. चिमणीने तो त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर गोल गोल फुगे दिसायला हवे होते. दिसल्या त्या सायीच्या फाटक्या चिंध्या आणि मध्ये चमकणारे खडे.

"पुरे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना हे बघू दे. रोज मरतोय तो माणूस. मी पलीकडून घेऊन येते. दार लावून घ्या आतून."

त्या गेल्या. चिमणी कडी लावायला वळली.

दार आधीच लागलेलं होतं. काका त्याला पाठ टेकवून उभे होते आणि तिच्या मागच्या पडद्याकडे बघत होते.

६

"सुरेख चित्र आलंय," काका म्हणाले.

टेबलाच्या कडेकडेने चिमणी मागे सरकली. मागे भिंत होती.

"काका, निरीक्षकबाई येतायत."

"येऊ देत." त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. थरथरत्या मुठीत पांढऱ्या औषधाने भरलेली सिरिंज होती. "ओरडू नकोस गं. लहानपणी तुला इंजेक्शन द्यायचं तर मलाच बोलवायचे, आठवतं?"

ती ओरडू शकलीच नसती. तिची नजर त्या सुईवरून हलत नव्हती.

"तुझा बाप औषध मागे घेणार होता," काका म्हणाले. "म्हणाला, आपल्या हातात आहे तोवर ठीक. पण गावोगावच्या दवाखान्यांत कुणाचा तरी फ्रिज बिघडेल, एकदा गोठलं की हे विष, आणि डोळ्याला दिसतसुद्धा नाही. साय मजबूत करू, मगच बाजारात. किती वर्षं लागतील विचारलं, तर म्हणाला, लागतील तेवढी. मला कुठली आलीयत वर्षं? हे हात बघ. तुझी काकू ऑपरेशननंतर कशी किंचाळत गेली, तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं. तेव्हापासून मी या एका औषधासाठी जगलो. लोक म्हणाले असते, सुई चुकली. डॉक्टर घरी बसला असता. औषध वाचलं असतं."

"तुम्ही रात्रभर बाबांच्या उशाशी बसला होता," चिमणी म्हणाली. शब्द कसे फुटले तिलाच कळलं नाही. "बाटली तिकडे गोठत होती, आणि तुम्ही..."

"गप्पा मारत होतो. शाळेतल्या." काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. "तो झोपेपर्यंत हसत होता."

त्यांनी सिरिंज उचलली. चिमणीने डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही, म्हणून तिने ते उघडले. काकांनी बाही वर केली होती आणि सुई स्वतःच्याच कोपरात खुपसली होती. हात इतका कापत होता की अर्धं औषध बाहेर सांडलं. अर्धं आत गेलं.

"जीभ..." ते म्हणाले आणि दाराला घसटत खाली बसले.

चिमणीने एकदा हे बघितलेलं होतं. ओठ उडेल, मग हात, मग सगळं अंग. काही केलं नाही तर सगळं आपोआप फिटणार होतं. कुणी तिला बोल लावला नसता. तिने मोबाईल उचलला.

"डॉक्टर! चरबीची पिशवी घेऊन या. ट्रॉलीवरची. धावत या!"

"कुणासाठी?"

"काकांसाठी. त्यांनीच बाबांना मारलं. या लवकर!"

पलीकडे धावणारी पावलं ऐकू आली.

डॉक्टर आले तेव्हा काका निळे पडत होते. दाराआड त्यांचं अंग अडकलेलं, निरीक्षकबाईंनी खांद्याने रेटून फट केली. डॉक्टरांनी शीर शोधली, दुधासारखी पांढरी पिशवी लावली, हाताने पिळून पिळून ती आत ढकलली आणि गुडघ्यांवर बसून छाती दाबायला लागले. घाम त्यांच्या नाकावरून काकांच्या शर्टावर पडत होता. ज्याने त्यांना खुनी ठरवायचा घाट घातला होता, त्याच्याच फासळ्यांवर ते ओरडत होते, "चल! चल म्हणतो ना!"

बऱ्याच वेळाने निरीक्षकबाईंनी काकांच्या मानेवर बोटं ठेवली. "चालतंय," त्या म्हणाल्या, आणि तशाच जमिनीवर बसून राहिल्या.

७

काका वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चिमणीला बोलावलं. ती गेली आणि पलंगापासून लांब उभी राहिली.

"मला जिवंत कशाला ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "गप्प बसले असते तर मी तुमच्यासारखी झाले असते."

ते भिंतीकडे वळले. दाराशी बसलेल्या पोलिसाने जांभई दिली. चिमणी बाहेर आली. त्यानंतर ती त्यांना भेटली ती थेट कोर्टात.

डॉक्टर पुन्हा कामावर रुजू झाले. नवरा कितीतरी दिवस तिच्याशी नजर मिळवत नव्हता आणि तीही त्याच्याशी. मग एका सकाळी तिने त्याने केलेला चहा न बघता पिऊन टाकला. तो गुपचूप दुसरा कप करायला उठला.

काकांनी त्या शेवटच्या सिरिंजसाठी आणखी एक बाटली गोठवली होती. आणखी किती, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. कदाचित एकही नसेल. पण प्रयोगशाळेच्या फ्रिजला त्यांचा हात लागलेला होता, आणि बाटली उघडल्याशिवाय आतलं कळत नाही, आणि उघडलेली बाटली कुणाला टोचता येत नाही. म्हणून सगळाच साठा नष्ट करायचा ठरला. मास्तरांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेला तो शेवटचा साठा होता.

दोघं नवरा-बायको बाटल्या एकेक करून मोठ्या पिंपात रिकाम्या करत होते. पांढरं, दाट, दुधासारखं औषध. फ्रिजचा शेवटचा कप्पा आला तेव्हा नवऱ्याचा हात थांबला.

"एक ठेवू या का गं?" तो म्हणाला. "एखादी चांगली बाटली. बाबांची आठवण म्हणून."

चिमणीने कप्प्याकडे बघितलं. सगळ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, सीलबंद, स्वच्छ, हुबेहूब सारख्या.

"कुठली?" तिने विचारलं. "सांग ना, यातली कुठली ठेवू?"